फोनवरचा डॉक्टर आणि आपली शिकणारी पोरं



आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांतून आज मुले-मुली डॉक्टरकीचे शिक्षण घेत आहेत. एके काळी गावातला एखादा मुलगा एम.बी.बी.एस.ला लागला की दारापुढे ढोल वाजत असे आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येत असे. आता तसे अप्रूप राहिले नाही. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनेच आहे. जळगावला २०१८ साली आणि नंदुरबारला २०२० साली शासकीय महाविद्यालये सुरू झाली. खाजगी महाविद्यालये आहेत ती वेगळी. उसाच्या, केळीच्या आणि कापसाच्या पैशावर शिकणारी ही पोरं आपलीच आहेत. एक गोष्ट मात्र प्रत्येक गावात सारखीच दिसते. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोराचा फोन नंबर साऱ्या भाऊबंदकीला तोंडपाठ असतो.

रात्री दहाला फोन जातो. "बेटा, नानाच्या छातीत जळजळ होतेय, घरात कुठली गोळी आहे ती देऊ?" तिकडे पोरगा वॉर्डात छत्तीस तास उभा राहून नुकता टेकलेला असतो. काकाला नाही कसे म्हणावे? तो म्हणतो, "ॲसिडिटीची द्या, सकाळी बघू." बहुतेक वेळा सकाळी नाना चहा पीत ओट्यावर बसलेले असतात आणि पोराची गावात वाहवा होते.

एका सभासदाच्या घरी मात्र तसे झाले नाही. गाव आणि नाव आम्ही लिहीत नाही. त्या रात्रीची जळजळ ही जळजळ नव्हती, हृदयविकाराचा झटका होता. पहाटे गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, जीव वाचला. परंतु मधल्या सहा तासांत हृदयाचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले. जो गडी दिवसभर बारे देत असे, त्याला आज बांधावर दहा पावले चालली की बसावे लागते. पोरगा इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात होता. पुढे कितीतरी दिवस तो गावात आला नाही. आम्ही त्याला दोष देत नाही, फोन करणाऱ्यांनाही देत नाही. पण त्या घरी जाऊन आल्यापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून या अंकात त्यावर लिहितो. साखरेच्या पत्रिकेत दवाखान्याचे काय, असे कोणी म्हणेल. ऊस लावणारा माणूस धड राहिला तर ऊस, एवढेच त्यांना सांगणे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुरून वैद्यकीय सल्ला घेणे ही मुळात वाईट गोष्ट नाही. आपल्या खान्देशाला तर तिची गरज इतरांपेक्षा जास्त. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यावरून तालुक्याला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळे आणि इतके करून तज्ज्ञ डॉक्टर भेटेलच असे नाही. म्हणून तर दोन हजार सालानंतरच्या दशकात 'इस्रो'च्या उपग्रहामार्फत मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जी जिल्हा रुग्णालये आरंभी जोडली गेली, त्यांत नंदुरबार होते. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या त्या जिल्ह्याची निवड उगीच झाली नव्हती. त्या वेळी या कामाला वेगळी खोली, खास यंत्रे आणि उपग्रहाची जोडणी लागे. आता तेवढे सगळे खिशातल्या फोनात आले आहे.

सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. आरंभी ती आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी बोलण्यापुरती होती. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, रुग्णाला घरून थेट डॉक्टरशी बोलण्याची सोयही झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशात या मार्गाने १० कोटी सल्ले दिले गेले. आपल्या उपकेंद्रांना आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. ते रुग्णाचा रक्तदाब आणि साखर तपासतात आणि पडद्यावर दूरच्या डॉक्टरला जोडून देतात. आमच्या मते ही पद्धत सर्वांत चांगली, कारण रुग्णाजवळ शिकलेला माणूस असतो, त्याचा हात रुग्णाच्या नाडीवर असतो आणि सल्ला दुरून येतो. रात्री दहाच्या काकाच्या फोनात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग अडते कोठे? आमच्या मते शिकवण्यात अडते.

गेल्या गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या तपासणीसाठी काही शिकाऊ डॉक्टर आले होते. दुपारी टोळ्या फडात गेल्यावर जेवणाच्या वेळी आम्ही त्यांच्याशी बोलत बसलो. ही काही पाहणी नव्हे, आठ-दहा पोरापोरींशी मारलेल्या गप्पाच. त्यांचे महाविद्यालय कोणते ते लिहिण्याचे कारण नाही. देशात ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टरांना या विषयावर प्रश्नावल्या देऊन झालेल्या अभ्यासांचे सूर वाचले, तर तेच चित्र दिसते. त्यांचा कल अनुकूल असतो, नियमांची माहिती मात्र अपुरी असते.

'ई-संजीवनी'चे नाव सर्वांना ठाऊक होते. सर्वजण म्हणाले की ही पुढची गोष्ट आहे, आली पाहिजे. "तुम्ही स्वतः कधी त्या पडद्यासमोर बसून रुग्ण पाहिला का?" असे विचारले, तेव्हा एकमेकांकडे पाहू लागले. दोघांनी सरांच्या मागे उभे राहून पाहिले होते. कोणते औषध फोनवर सांगता येते आणि कोणते नाही, याचे उत्तर एकालाही धड देता आले नाही. एका मुलीने मात्र प्रामाणिकपणे सांगितले, "काका, आम्हांला पोट तपासायला चार वर्षं शिकवलं. पोटाला हात न लावता काय विचारायचं, ते कोणी शिकवलं नाही."

दुसरा एक जण जरा चिडूनच म्हणाला, की हे सगळे अंगावर येणारे काम आहे. रुग्णाचे काही बरेवाईट झाले तर नातेवाईक डॉक्टरच्या गळ्याला धरतात आणि न्यायालयही सोडत नाही. त्याची भीती अगदीच निराधार नाही. २०१८ साली रत्नागिरीतील एका प्रकरणात, रुग्ण डॉक्टरच्या गैरहजेरीत दाखल होता आणि उपचार फोनवरून सांगितले गेले, यावर मुंबई उच्च न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवून डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर फोन उचलायलाही डॉक्टर बिचकू लागले. परंतु पुढची गोष्ट त्या मुलाला माहीत नव्हती. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि नोंदणीकृत डॉक्टरने नियम पाळून दिलेला असा सल्ला कायदेशीर ठरला. भीती कळली, पण संरक्षण कळले नाही, अशी या मुलांची स्थिती आहे.

ही तत्त्वे आम्ही वाचून पाहिली. इंग्रजीत आहेत, पण समजायला अवघड नाहीत. पहिली अट अशी, की सल्ला देणारा नोंदणीकृत डॉक्टर हवा. त्याने आपले नाव सांगावे, रुग्णाचे नाव आणि वय विचारावे, सर्व नोंद ठेवावी आणि चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक लिहावा. औषधांचे ढोबळ मानाने चार वाटे केले आहेत. तापाची साधी गोळी किंवा जुलाबातले क्षारसंजीवनीचे पुडे नुसत्या बोलण्यावर सांगता येतात. काही औषधे पहिल्या वेळी व्हिडिओवर रुग्ण पाहिल्याशिवाय देता येत नाहीत. काही औषधे आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजाराच्या पुढच्या सल्ल्यात वाढवून देता येतात. आणि अंमली पदार्थांच्या कायद्यात मोडणारी औषधे दुरून लिहायचीच नाहीत. ज्यांना दुरून सल्ला देण्याचे काम करायचे आहे, त्यांनी तीन वर्षांच्या आत त्यासाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा, असेही त्या तत्त्वांत लिहिले होते.

आता आपल्या पोरांकडे या. इंटर्नशिप चालू असेपर्यंत त्यांची नोंदणी तात्पुरती असते. रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करण्यापुरतीच ती असते. कायम नोंदणी वर्ष पुरे झाल्यावर मिळते. म्हणजे काकाच्या फोनवर स्वतःच्या जबाबदारीने गोळी सांगण्याचा त्याला अधिकारच नाही. काही विपरीत झाले तर जे चार-साडेचार वर्षे शिकून कमावले ते सगळे पणाला लागते. ही गोष्ट त्या आठ-दहांपैकी दोघा-तिघांनाच नीट ठाऊक होती. आणि आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती? आम्हांला स्वतःला नव्हती, हे कबूल करतो. आम्हीही भाच्याला असे फोन केलेले आहेत.

त्या मुलीचे म्हणणे आम्हां शेतकऱ्यांना चटकन कळण्यासारखे आहे. हल्ली आपण उसाचा फोटो काढून शेतकी अधिकाऱ्याला पाठवतो. पाने पिवळी पडली, औषध सांगा. नवखा असेल तर फोटो पाहून लगेच एखाद्या बाटलीचे नाव सांगतो. मुरलेला माणूस तसे करत नाही. तो उलट विचारतो, "जमीन चुनखडीची आहे का? पाणी किती दिवस साचलं होतं? पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानावर आहे की खालच्या? खोड धरून ओढलं तर ऊस हातात येतो का? मुळाशी उकरून बघा, हुमणी सापडते का, मग मला फोन करा." पान पिवळे पडण्याची कारणे पाच, त्यांचे उपाय पाच. फोटो एकच. आणि काही वेळा तो सांगतो, "काही सांगत नाही, उद्या मी येतो." हे शेवटचे वाक्य ज्याला वेळेवर म्हणता येते, तो खरा जाणकार. डॉक्टरच्या बाबतीतही तेच. छातीत जळजळ म्हणणाऱ्याला वय काय, घाम सुटला का, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाते का, बिडी ओढतात का, साखरेचा आजार आहे का, जिना चढताना वाढते का, हे पाच-सहा प्रश्न विचारले असते तर त्या रात्री गोळीऐवजी गाडी निघाली असती. हात न लावता तपासण्याची ही विद्या आहे, आणि विद्या म्हटली की ती कोणीतरी शिकवावी लागते.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम बदलला. रुग्णाशी बोलावे कसे, वागावे कसे, याचे पाठ त्यात आले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्यातच फोनवरचे बोलणे बसवता येईल. शिवाय इंटर्नशिपच्या वर्षात १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्राकडे असतात आणि त्या काळात पोरं खेड्यावरच्या केंद्रांत येतात. या १२ आठवड्यांत प्रत्येकाने काही दिवस उपकेंद्रात रुग्णाच्या बाजूने बसावे आणि काही दिवस पडद्याच्या पलीकडे, अनुभवी डॉक्टरच्या शेजारी बसावे. दोन्ही टोके पाहिल्याशिवाय मधली तार कळत नाही. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांना पुढे एक वर्ष शासकीय सेवेचे बंधन असते. आज आमच्या शिबिरात भाजी-भाकरी खाणारी पोरगी दीड वर्षाने बोराडीकडे किंवा पालकडे एखाद्या केंद्रात एकटी असेल. बाजूला तज्ज्ञ नाही, रात्रीची वेळ, समोर अडलेली बाई. त्या वेळी धुळ्याच्या वा जळगावच्या वरिष्ठांना फोनवर नेमके काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, हे तिला यायला हवे. डॉक्टरने डॉक्टरला विचारणे हाही दूरवैद्यकाचाच भाग आहे, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाचा.

भाषेचा मुद्दा राहिला. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, शिवाय राज्याच्या दुसऱ्या टोकाची मुलेही येतात. याला आमची हरकत नाही, आपली पोरंही दुसरीकडे जातातच. परंतु आमची आजी पडद्याकडे बघून "पोटमा कालवस, जीव घाबरस" म्हणेल, तेव्हा पलीकडच्याला पोट दुखते की मळमळते की दम लागतो, हे कळले पाहिजे. पावरा आणि भिल्ल मजुरांचे तर विचारूच नका. समोर माणूस असला तर हातवारे करून भागते. पडद्यावर अर्धे हातवारे दिसत नाहीत आणि अर्धा आवाज तुटतो. म्हणून आम्ही त्या मुलांना म्हटले, की बाबांनो, अहिराणीतले दुखण्याचे पन्नास शब्द आमच्याकडून लिहून न्या. एकाने खरोखर वही काढली. ते पाहून तेथे बसलेल्या मुकादमाने पावरीतले शब्द सांगायला सुरुवात केली आणि जेवण थंड झाले.

बायाबापड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. उपकेंद्रातला पडदा भर गर्दीत असतो आणि घरचा फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. अंगावरून जाण्याचे दुखणे चार माणसांत कोण सांगेल? शिकाऊ डॉक्टरांपैकी मुलींनी हा मुद्दा स्वतःहून काढला, मुलांच्या ध्यानात तो आला नव्हता. दार लावता येईल अशी एक खोली, एवढीच तिची मागणी आहे.

काही जुने सभासद आम्हांला म्हणाले, "अहो, हे फोनचं खूळ वाढवू नका. सरकारला आयतंच निमित्त मिळेल. पडद्यावर डॉक्टर दिसतो म्हणतील आणि केंद्रातली खुर्ची रिकामीच ठेवतील." हा आक्षेप आम्ही खोडून काढू शकत नाही, कारण त्यात तथ्य आहे. वीज, नेट आणि माणूस यांपैकी एक जरी नसले तरी पडदा म्हणजे भिंतीवर टांगलेली काळी पाटी. खान्देशातील सहकारी कारखान्यांचे काय झाले हे आपण पाहिले आहे. काही बंद पडले, काही विकले गेले, काही भाड्याने गेले. कागदावर सगळे चालू आणि धुराडे थंड, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून रिकाम्या जागा भरा ही मागणी सोडायची नाही, ती आधी. फोनवरचा डॉक्टर केंद्रातल्या डॉक्टरच्या जोडीला हवा, त्याच्या बदली नको. हे शिकाऊ पोरांनाही मनोमन वाटते. त्यांतला एक म्हणाला, "मला पडद्यावर बसवून टाकलं तर मी डॉक्टर कशाला झालो?"

आता आपल्या बाजूचे. साप चावला, फवारताना औषध अंगात गेले, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, बाळंतीण अडली, या वेळी भाच्याला फोन लावत बसू नये. १०८ लावावा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. तिची वाट पाहताना उशीर होतो असे वाटले तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मनावर ताण आला, झोप लागत नाही, जिवाचे बरेवाईट मनात येते, असे असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे बोलणाऱ्याला तोंड दाखवावे लागत नाही. आमच्यासारख्या, मनातले कोणाला न सांगणाऱ्या माणसांना ते सोयीचेच. आणि जुना आजार असेल, रक्तदाबाची गोळी बदलायची असेल, रिपोर्ट दाखवायचा असेल, तर उपकेंद्रात जाऊन रीतसर पडद्यावर बोलावे. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. "ती पांढरी छोटी गोळी" म्हटल्यावर जगातल्या कोणत्याही डॉक्टरला बोध होत नाही.

कारखान्याने काय करावे, याविषयी आमचे मत असे आहे (हे आमचे मत आहे, संचालक मंडळाचे नव्हे). आपली गट कार्यालये गळीत हंगामाबाहेर बरेचसे महिने अर्धी रिकामी असतात. तेथे खोली आहे, वीज आहे, चिटबॉय आहे, नेट आहे. प्रत्येक गट कार्यालयातली एक खोली आठवड्यातून एक दिवस जवळच्या उपकेंद्राला द्यावी. दाराला आतून कडी असावी. रक्तदाबाचे यंत्र आणि ग्लुकोमीटर कारखान्याने घ्यावे. हंगामात ऊसतोड मजुरांच्या थळावरही हीच सोय न्यावी. आपल्याकडचे मजूर गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जातात, तेव्हा तेथे त्यांना कोणी विचारत नाही. निदान आपल्या फडात आलेल्यांना तरी आपण विचारावे. आणि महाविद्यालयांना लिहावे, की तुमची शिकणारी मुले या खोलीत पाठवा, त्यांच्याबरोबर शिकवणारा एक वरिष्ठ द्या, त्यांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था आम्ही करतो.

याचा खर्च मोठा नाही, पण सभासदांच्या पैशातून होणार, म्हणून विचारूनच व्हावा. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठराव मांडण्याची आमची इच्छा असून त्याचा मसुदा सर्व गट कार्यालयांत ठेवला आहे. ज्यांना दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी तेथील वहीत लिहावी. लिहिता येत नसेल तर चिटबॉयला सांगावी. अहिराणीत सांगितली तरी तो तशीच उतरवून घेईल, अशी सूचना त्यास दिलेली आहे.